आमरस फ्रीजरमध्ये, माती टेबलावर

९ मे २००५
भाट्ये, गणपतीपुळे, अंजनवेल. विभागातल्या ऋजुताने आणि मी तिन्हीकडची माती आणली; गाडी मी चालवली. बशीत बुरशी वाढवून मोजत बसणं हा आमच्या विभागाचा पिढीजात धंदा. मी मातीतला डीएनएच काढणार. तो जेलच्या वडीवर पसरला की जितक्या पट्ट्या, तितक्या बुरश्या. डिसेंबरात पुण्याला परिषद. तिथे ज्याचं काम उजवं, त्याला प्रोजेक्ट, असं प्राचार्य म्हणाले. स्पर्धेत मी आणि ऋजुता. तिची नोकरी चार वर्षांची. याला स्पर्धा म्हणायची लाज वाटते.

१० मे
ऋजुताने आपला अर्धा वाटा मासेवाल्या तुळसाकडून बर्फ आणून त्यात घातला आणि पुण्याच्या लॅबकडे धाडला. मातीला बांगड्याचा मान. माझी कॉलेजच्या डीप फ्रीजरमध्ये.

१७ मे
घरी हापूसच्या रसाचे बावीस डबे. सुनेत्रा म्हणाली, या भारनियमनात घरचा फ्रिज काय कामाचा? कॉलेजात जनरेटर आहे. माती काढून रस ठेवला. तात्पुरता. माती जन्मभर उन्हापावसात पडून असते. रस नासतो, माती नासत नाही. वर्गात सांगण्यासारखं वाक्य.

२१ जून
माती आत ठेवायची राहिली. हरिश्चंद्र शिपाई म्हणाला, सर, तुमच्या मातीस कापूस फुटलाय. म्हटलं, तू झाडू मार. दहावी नापासाने मला बुरशी शिकवू नये. तो गेल्यावर चमच्याने ढवळली. कापूस गेला.

२ ऑगस्ट
जेल देखणं. तिन्ही मातींत एकच जाड पट्टी, एकाच रेषेत. ऋजुता म्हणाली, सर, वाळू आणि जांभ्याची माती, दोन्हींत तीच बुरशी? म्हटलं, बाई, यालाच शोध म्हणतात. नव्या जातीच्या नावात माझं आडनाव बसवून पाहिलं. लॅटिनमध्ये शोभतं.
रस संपला. चव तशीच्या तशी.

१९ सप्टेंबर
माझी पट्टी ओळखायला पुण्याच्या लॅबला धाडली होती. अहवाल: शिळ्या पावावर येते ती बुरशी. पुण्यामुंबईच्यांना पावापलीकडे काही दिसत नाही. पेपर पाठवला.

१६ डिसेंबर, पुणे
पेपर वाचला. एका म्हाताऱ्याने विचारलं, माती ठेवली कुठे होती? फ्रीजरमध्ये, म्हणालो. आठवडाभर होतीच. तो नुसता हसला. ऋजुताच्या पोस्टरवर तीच तीन गावं. पट्ट्या एकतीस, सत्तावीस, चाळीस. प्रोजेक्ट तिचा.
स्वारगेटला तिने विचारलं, सर, पुढची माती आणायला याल ना? तुम्ही गाडी छान चालवता.
विचार करून सांगतो म्हटलं.
एस.टी. सुटायच्या आत हो म्हणालो.