हळदीच्या शेडमधलं गाणं

आई, परवा वाचनालयात एका जाडजूड पुस्तकात तुझं गाणं सापडलं, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली. तुझ्यासाठी मी कुणाशी भांडले नव्हते, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आता ज्याच्याशी भांडावं असं कुणी उरलेलंही नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे.

त्या गृहस्थांना शेडवर मीच आणलं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच बालवाडीवर लागले होते, आणि बायकांची जुनी गाणी गोळा करणारे कुणी शिकलेले गृहस्थ सांगलीत आलेत म्हटल्यावर मला केवढा अभिमान वाटला! माझी आई गाते, चला, असं म्हणून मी त्यांना हळदीच्या पेठेत घेऊन आले. शेडमध्ये हळकुंडं घासून चकचकीत करणारा पॉलिशचा ड्रम घरघरतोय, धुरळ्यानं तुझ्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्यात. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि गाणं टेप करायचं मशीन पोत्यावर ठेवलं. "बाई, जात्यावरचं काही म्हणा. जुनं."

तू हसलीस. "आवं सायेब, जात्यावर आता कोन बसतंय? पिठाची गिरणी आली न्हवं. आता गानं सुचतं ते हितंच." आणि तू म्हणायला लागलीस.

*फिरतो गं डरम, हळद झाली सोनं*
*बाई माझ्या मैतरणीची, बोटं नेली कोनं*

*पट्ट्याला न्हाईत डोळं, मालकाला दोन दोन*
*बाई रगात पुसायाला, फुडं आलं न्हाई कोन*

सगळ्या बायका खाली मान घालून हळकुंडं निवडत होत्या आणि तुझ्यामागून म्हणत होत्या. ती मैत्रीण म्हणजे आपल्याच गल्लीतली मावशी. ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्याखाली सांडलेली हळकुंडं वेचताना तिची दोन बोटं गेली होती. मालक म्हणाला, तिचंच ध्यान नव्हतं. आणि दोन बोटं नसलेली बाई निवडायला काय कामाची, म्हणून तिला घरी बसवलं. पट्ट्याला जाळी मात्र लावली नाही. तू तिसरी ओवी म्हणायला लागलीस तोवर साहेबांनी मशीन बंद केलं होतं. "छान आहे, पण हे लोकगीत नव्हे," ते मला म्हणाले, तुला नाही. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मुकादम शेडच्या दारातच उभा. "मालकाच्या कानावर गेलंय सगळं. उद्यापास्नं येऊ नगंस."

"का? म्या काय खोटं रचलंय?"

"खरं हाय म्हनूनच सांगतोय, आक्का. जा घरला."

त्यानंतर तू भुईमुगाच्या शेंगा फोडायला गेलीस, मग बांधकामावर पाट्या उचलल्यास. खोकला तेवढा हळदीच्या शेडमधला, तो शेवटपर्यंत तुझ्यासोबत राहिला. मला तू एका शब्दानंही बोलली नाहीस. एकदाच म्हणालीस, "तुझ्या सायबानं ऐकून तरी घ्यायचं हुतं गं."

आता पुस्तकात काय छापलंय ते ऐक. 'फिरतं गं जातं, हळद झाली सोनं, बाई माझ्या मैतरणीला, मागणी घातली कोनं.' खाली टीप आहे, लग्नघरातल्या आनंदाचं गीत. मावशीची तुटलेली बोटं यांनी बोहल्यावर चढवली! शेडमध्ये ज्यांनी नाकावरचा रुमाल काढला नाही, त्यांनी तुझ्या तोंडचा ड्रम काढून तिथं जातं बसवलं आणि वर लिहिलं, पारंपरिक. पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही. तुझी भाकरी गेली त्या गाण्यापायी, आणि पुस्तकात तुझं नाव छापायलाही जागा नव्हती? ग्रंथपालबाईंसमोर मी इतक्या मोठ्यानं बोलले की वाचणारे माना वर करून बघायला लागले. मग मी त्या पानाच्या कडेला पेननं तुझ्या ओव्या लिहिल्या, तुझ्या नावासकट. त्यांना दंड करायचा तर करू दे.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं? घरातच राहील. पण एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तिसरी ओवी मला आठवत नाही. कितीतरी वर्षं झाली, कुणी विचारलं की मी माझ्या मनची म्हणते, आणि तुझी म्हणून सांगते. त्या पानावरही तुझ्या दोन ओव्यांखाली मी तीच लिहून आले आहे.