काळ्या कॉफीत काही नसतं

१ डिसेंबर, सोमवार
समीरचं लग्न फेब्रुवारीत, नाशिकला. मी त्याची एकुलती एक बहीण, म्हणजे मुख्य करवली. सगळे फोटो माझ्याशिवाय होऊच शकत नाहीत.
वजन एकोणऐंशी. त्यात एक किलो दुधाचं धरू. एक स्वेटर, शाल आणि लोकरी मोज्यांचं. शिवाय मशीन मुळातच जास्त दाखवतं. नवऱ्याला, विश्वजितला, विचारलं तर तो "असेल" म्हणाला. एअर फोर्सचा माणूस, उगाच बोलत नाही. म्हणजे खरं वजन शहात्तर. काहीच नाही.
आजपासून तूप, साखर, भात बंद. आईंना, म्हणजे सासूबाईंना, तसं सांगितलं. त्या मिरजेहून आल्यात, डिंक, खारीक, अळीव असं अर्धं दुकान घेऊन. म्हणाल्या, "यशूला दोन महिने झालेत फक्त, अंगावर पाजतेस. आत्ता कसलं डाएट, स्वरदा?" मी शांतपणे ऐकून घेतलं.
अळिवाचा लाडू खाल्ला, कारण केलेला होता. बंद उद्यापासून.

३ डिसेंबर, बुधवार
शेजारच्या क्वार्टरमधल्या अमृता भाभी आल्या होत्या. म्हणाल्या, ब्लॅक कॉफी. सकाळी खाली पेट, आणि मग जब भी भूख लगे तब. फैट ऐसे कटता है. त्यांचं स्वतःचं कटलेलं नाही, पण त्या दूध-साखर घालून पितात. चूक त्यांची, पद्धतीची नाही.
मला पटलं. काळ्या कॉफीत काही नसतं. पाणीच ते, फक्त गरम आणि काळं.
साधं पाणी मात्र कमी करायचं. प्रयोग केला. दोन ग्लास पाणी प्यायले आणि मशीनवर उभी राहिले. लगेच वाढलं! हे कुणी कसं सांगत नाही?

७ डिसेंबर, रविवार
काय एनर्जी आहे! सगळी कपाटं लावली. पडदे धुतले. (धुक्यात वाळत नाहीत हे नंतर लक्षात आलं. अजून ओले आहेत, घरभर वास.) हात किंचित थरथरतात. चरबी जळत असणार.
विश्वजितने चौकातून मक्खन मलाई आणली. नुसता फेस. फेसाला काय वजन असणार? मातीचे दोन कुल्हड भरून खाल्ले. रात्रीचं जेवण टाळलं, म्हणजे हिशेब फिट्टंफाट.
यशू किरकिर करतोय. दुपारी झोपत नाही, पाजायला घेतलं की तोंड काढून रडतो. इथली, बख्शी का तालाबच्या एअर फोर्स स्टेशनवरची थंडी भलतीच आहे. त्यात वरून विमानं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
यशूला आईंकडे ठेवून अमीनाबादच्या बाजारात गेले, पैठणीच्या ब्लाउजसाठी. मास्टरजींना लग्नाआधीचा ब्लाउज मापाला दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ब्लाउजकडे पाहिलं आणि विचारलं, "मैडम, साँस भी लेनी है कि नहीं?" मी म्हटलं, फेब्रुवारीत मी या मापाची असेन. म्हणाले, तो फिर फरवरी में सिलवा लीजिए.
दूरदृष्टी नाही लोकांना.
तिथेच जरा गरगरलं. गर्दी किती! दुकानातल्या स्टुलावर बसवलं त्यांनी, पाणी पुढे केलं. घोटभरच घेतलं.

१५ डिसेंबर, सोमवार
यशूचं निरीक्षण सुरू केलंय. आई अंगाई म्हणतात तेव्हा तो रडतो. म्हणजे कारण अंगाई. विश्वजित म्हणाला, अंगाई नसतानाही रडतो. बरोबर. ती आठवून रडत असणार.
आईंचं तेल लावणंही मला जरा जोरकस वाटतं.
आज सोफ्याची जागा बदलली. मग पुन्हा होता तिथे ठेवला. एका जागी बसवतच नाही हल्ली. लक्षण चांगलं आहे.

२० डिसेंबर, शनिवार
आईंना स्पष्ट सांगितलं. अंगाई बंद, मालिश बंद.
त्यांनी तेलाची वाटी उचलून ठेवली. मग म्हणाल्या, "तू धड जेवत नाहीस, पाणी पीत नाहीस. दिवसभर ती कॉफी. लेकराला दूध तरी पुरतंय का गं?"
माझ्या दुधावर शंका! मी म्हटलं, तुमच्या काळात डब्बल हनुवटीला तब्येत म्हणायचे. जरा मोठ्याने म्हणाले असेन. यशू दचकून रडायला लागला. बघा, म्हटलं, तुमच्यामुळे.
त्यांनी पदराने डोळे पुसले. मला वाईट वाटलं. पण आई म्हणून कठोर व्हावंच लागतं.

२४ डिसेंबर, बुधवार
आई मिरजेला परत गेल्या. खरं तर लग्नापर्यंत राहणार होत्या. घरात एक माणूस कमी झालं की यशू शांत होईल, हे मी विश्वजितला समजावून सांगितलं होतं. त्याने तिकीट काढलं.
स्टेशनवर यशूला घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. गाडी सुटताना खिडकीतून विश्वजितला म्हणाल्या, "तिला जेवायला घाल रे."
म्हणजे जातानाही माझ्या डाएटवरच.

२८ डिसेंबर, रविवार
घर शांत. यशू नाही. अख्खी रात्र टक्क जागा, दिवसा डुलकी. नवीन वातावरणाची सवय व्हायला वेळ लागतो. (वातावरण तेच आहे, पण आईंशिवाय नवीनच म्हणायचं.)
विश्वजितचे डोळे लाल. मी फ्रेश आहे. फक्त छाती धडधडते आणि मिक्सरच्या पात्यासारखं डोकं गरगर फिरतं.
वजन: अडीच किलो उतरलं! सांगायला कुणीच जागं नव्हतं, म्हणजे विश्वजित उभा होता, पण झोपलेला.

२ जानेवारी, शुक्रवार
यशूची लस. डॉक्टरीणबाईंनी त्याला तोललं, पुन्हा तोललं. महिन्याभरात वजन जेमतेम वाढलंय.
विचारलं, आप क्या खाती हैं? मी अभिमानाने सांगितलं. और पीती क्या हैं? म्हटलं, कुछ खास नहीं, बस थोडी ब्लैक कॉफी.
तेव्हा विश्वजित बोलला. "थर्मस भर के. दिन में दो बार."
डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दूध से थोड़ी-थोड़ी इसे भी पहुँचती है. एवढ्या लहान शरीरातून ती लवकर बाहेर पडत नाही. हा झोपणार कसा? आणि तुम्ही जेवणार नाही, पाणी पिणार नाही, तर तुमच्यात ताकद कुठून येणार? नीट जेवा, तहान लागेल तितकं पाणी प्या, वजन आपोआप हळूहळू उतरेल. पुढच्या आठवड्यात बाळाला पुन्हा आणा.
मी म्हटलं, सेकंड ओपिनियन घेऊ. विश्वजितने घरी आल्यावर थर्मस मोरीत उपडा केला.

५ जानेवारी, सोमवार
डोकं फुटतंय. कॉफी बंद होऊन तीन दिवस झाले, यशू अजून किरकिरतोच. म्हणजे डॉक्टर चुकल्या.
वरण-भात खाल्ला. तूप घातलं. भूक नव्हती. मग पुन्हा वाढून घेतला.

८ जानेवारी, गुरुवार
यशू झोपला.
नुसती डुलकी नाही, पोटभर पिऊन, मूठ सैल सोडून झोपला. मी चार वेळा नाकाशी बोट धरून पाहिलं. विश्वजित ड्यूटीवरून आला तो बूट घालूनच सोफ्यावर आडवा झाला.
मी बाजूला बसून राहिले. काही करावंसं वाटलं नाही. किती दिवसांनी बसले.
इतके दिवस तो माझ्यामुळे

९ जानेवारी, शुक्रवार
काल वाक्य अर्धं राहिलं. यशू उठला होता.
डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोललं. वजन वाढतंय. त्या "शाबाश" म्हणाल्या. मला नाही, त्याला.

११ जानेवारी, रविवार
आईंना फोन केला. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं: दोन्ही बाजूंनी थोडा गैरसमज झाला, वगैरे. त्यांचा "हॅलो" ऐकला आणि भलतंच बोलले. म्हटलं, आई, तुमचं काही नव्हतं, माझंच होतं. मीच त्याला झोपू देत नव्हते. मला माफ करा.
त्यांनी यशूचं वजन विचारलं. मग मी जेवले का ते विचारलं. रागावल्या नाहीत.
मी म्हटलं, मग तिकीट काढू? लग्नापर्यंत इथेच राहा, मग सगळे मिळून नाशिकला जाऊ.
त्यांनी लग्नाची तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाल्या, "लग्नाला येईन गं. पण तिकडे आता नको. इथे मला जरा झोप लागायला लागलीय."
हसतील म्हणून मी वाट पाहिली. हसल्या नाहीत. काळजी घे म्हणाल्या आणि फोन ठेवला.
दुपार आहे. यशू झोपलाय. विश्वजित झोपलाय. मिरजेला आईही जेवून आडव्या झाल्या असतील.
जागी मी एकटीच.