दोन धुराड्यांचं जहाज

बाबा, तुमची कंबर आता कशी आहे? तिकडे वाकून भाताची डेगची उतरवावी लागत नसेल, तेव्हा सुटली असेल ना धरलेली? आजीला दिसतं का नीट, की अजून सुईत दोरा घालायला कोणाला तरी हाका मारते? धाकट्या आत्याचा खोकला राहिला का? आणि आपला बांडा बैल लंगडतच गेला होता, त्याचा पाय बरा झाला असेल तर मला फार बरं वाटेल. इकडे माय वयाच्या मानानं ठणठणीत आहे. कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकते. माझे गुडघे कुरकुरतात, चहा-भज्यांचं दुकान चालू आहे. तुम्ही गेलात तेव्हा गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होतं, आता ते वेगळं झालं. लाखनीत दुकानासमोरचा रस्ता तर एवढा रुंद झाला की पलीकडच्या माणसाला हाक पोचत नाही.

लिहायचं कारण तुमचं भिंतीवरचं जहाज. माय माझ्याकडे राहायला आली तेव्हा तेही घेऊन आली. दिवाळीआधी ती मागच्या खोलीची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारते, जुनं चित्र त्याखाली जातं, आणि भिंत वाळली की गेरूनं पुन्हा तेच काढते. दिघोरीच्या घरात हे काम तुमचं होतं. मला तो दिवस दिसतो. तुम्ही उकिडवे बसला आहात, काडीला चिंधी गुंडाळलेली, जहाजाच्या कुशीला टांगलेल्या होड्या काढता आहात. मध्येच एका होडीची जागा मोकळी. तुम्ही गेरू कालवायला उठता आणि मी तिथं एक होडी काढून टाकते, मोठ्या हौसेनं. तुम्ही ती अंगठ्यानं पुसली. "जे नव्हतं ते काहून काढून राहिली?" एवढंच बोललात, पण असे बोललात की मी रडले.

काका तेव्हा ओसरीवर बसून हसत होते. तुम्ही मुंबईला गेलात, काही वर्षांनी परत आलात ते जहाजावर खलाशांचा भात शिजवल्याच्या गोष्टी घेऊन. नोकरीचे कागद मुंबईतच कोणाकडे राहिले म्हणालात. काका गावभर सांगत, "दिघोरीच्या तळ्यात डोंगा ढकलला असन, अन् म्हणते जहाज. नागपुरात दुसरा संसार होता त्याचा." मायनं ते ऐकलं. तेव्हापासून आजवर तिनं काकांना पाण्याचा गिलास दिला असेल, ताट वाढलं नाही.

परवा एक ट्रकवाला हात धुवायला मागे गेला आणि भिंतीपाशी थबकला. भावनगरकडून लोखंड घेऊन रायपूरला चालला होता.

"अम्मा, ये जहाज किसने बनाया?"

"माझ्या मायनं."

"समंदर देखा है उन्होंने?"

"तिनं भंडाऱ्याच्या पुढं काही नाही पाहिलं," मी म्हटलं.

तो हसला आणि केबिनमधून एक फोटो घेऊन आला. त्याचा साला तिकडे समुद्रकिनाऱ्यावर जुनी जहाजं तोडायच्या कामाला आहे. फोटोत तो कमरेवर हात ठेवून उभा, आणि मागे चिखलात रुतलेलं एक म्हातारं प्रवासी जहाज. पुढचा भाग कापून नेलेला, पोटातल्या खोल्या उघड्या पडलेल्या. पण मागचा भाग आपल्या धानाच्या बांध्यांसारखा पायरीपायरीनं उतरता, अगदी भिंतीवरच्यासारखा. मग धुराडं पाहिलं. एकच. आपल्या जहाजाला दोन.

मी फोटो मायपुढे धरला. "जवळजवळ तसंच हाय, पण हे नाही वो माय. याले एकच धुराडं हाय."

तिनं फोटो डोळ्यांशी नेला. "दुसरं माहं हाय," म्हणाली.

"तुहं?"

"तुहे बाबा गेले तवापासून काढतो मी. ते एकटंच उभं राहे, मले पाहवत नसे."

बाबा, इतकी वर्षं मी कॅलेंडरांवर, पुड्या बांधायच्या रद्दी कागदांवर दोन धुराड्यांचं जहाज शोधत होते. मी मायला विचारलं, मग अजून काय काय घातलंस तू यात? ती रागावली. बाकी सगळं त्यांचंच, म्हणाली. फोटोतल्या होड्या काढून नेलेल्या, पण त्या टांगायचे वाकडे लोखंडी हात रांगेनं शाबूत होते. आणि मध्येच एक जागा मोकळी.

ट्रकवाला फोटो ठेवून गेला. जाताना म्हणाला, "अब तो पूरा कट गया होगा, अम्मा."

दुसऱ्या दिवशी बसनं दिघोरीला गेले. काका आता खाटेवरच असतात, जीभ मात्र खाटेवर पडलेली नाही. फोटो उलटासुलटा करून म्हणाले, "असं जहाज क्यालेंडरावर पाहूनही काढता येते. अन् समज हेच हाय. तुहा बाप याच्यावर होता, हे कुठं लिवलं हाय?" मी फोटो पिशवीत घातला आणि बस धरली. त्या मोकळ्या जागेवर मी विश्वास ठेवते, पण अशी जागा अजून किती जहाजांना असेल, मला काय ठाऊक? मी तर समुद्रही पाहिलेला नाही.

घरी आले तर माय दारातच. "का म्हणाला तो?"

तिचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मानलं त्यांनी."

ती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "त्याले जेवायले बोलाव. माह्या हातचं." आणि निरोप मी पाठवायच्या आधी शेजारच्या पोराकडून तिनंच फोन करवला. काका हो म्हणाले. बुधवारी येतात.

हे कुठल्या पाकिटात घालू, मला कळत नाही, डब्यात तांदळाखाली ठेवते. तुम्ही मात्र लवकर लिहा बाबा, बुधवारच्या आत. हेच होतं, एवढं लिहिलंत तरी पुरे. आणि नव्हतं, तर तेही लिहा, पण मला एकटीला.