कोर्टासाठी काढलेला मेंदू

१४ जानेवारी १९५४, अमरावती
शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी थांबवलं. सरकारी वकील आले होते. जिनिंग कारखान्यातल्या मृत्यूच्या खटल्यात ज्युरीला मेंदूची इजा समजावून द्यायची आहे, मोठं चित्र हवं. ड्रॉइंग मीच शिकवतो, म्हणून मी. आरोपी तुळशीराम, कापूस तोलणारा मापारी. कापसाच्या गाडीवर भांडण झालं, जोडीचा मापारी गेला. सरकार म्हणतं, मागून काठी घातली. तुळशीराम म्हणतो, तोच तोल जाऊन खाली दगडी ओट्यावर पडला. हो म्हटलं. खरं तर खूष झालो.

१९ जाने.
पोस्टमॉर्टेम केलेले डॉक्टर आता अकोल्याला. त्यांचं पेन्सिलीचं रेखाटन आलं. कवटीला मागे चीर, खाली रक्त. कपाळामागेही फिकट छटा, शेजारी 'इथेही मार'.

२३ जाने.
चार फुटी कागद. राजापेठेतल्या खोलीची अर्धी भिंत गेली. मागचा लाल छान उतरला. कपाळाकडचा डाग चित्र बिघडवतो, नजर दोन ठिकाणी जाते. सरकारी वकील पाहून गेले. म्हणाले, ज्युरीचा घोळ व्हायला नको, बाकी तुम्ही ठरवा. ते गेल्यावर मेंदूच्याच रंगाने डाग झाकला. आता देखणं दिसतं.

८ फेब्रु.
कोर्ट. चित्र ज्युरीसमोर टांगलं. डॉक्टरांची छडी कपाळापाशी थबकली, मग मागे गेली. बचावाच्या वकिलांनी पुढच्या भागाबद्दल काही विचारलं नाही. ज्युरीतल्या एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी नकळत स्वतःच्या डोक्यामागे हात नेला. मला अभिमान वाटला. लिहून ठेवतो, नंतर नाकबूल करायला नको.

१० फेब्रु.
दोषी. सात वर्षं. सरकारी वकिलांनी पाठ थोपटली. तुळशीरामची बायको सुभद्रा बाकावर होती. रडली नाही. चित्राकडेच पाहत होती.

२ मे, अकोला
मेहुणीच्या लग्नाला आलो. डॉक्टरांकडे गेलो, कौतुक ऐकायला, दुसरं काय. त्यांनीच विचारलं, पुढचा डाग का गाळलात? म्हटलं, चित्र बिघडत होतं.
ते म्हणाले, "उभ्या माणसाला काठी बसली तर मेंदूला मार बहुतेक तिथेच, काठीखाली. माणूस मागे पडून डोकं दगडावर आपटलं, तर समोरच्या बाजूलाही."
मी विचारलं, म्हणजे तो पडला?
"पडला असावा. रिपोर्टात पुढचा मार लिहिलाय. मला कोणी विचारलं नाही."
तुम्ही का नाही बोललात, हे ओठांवर आलं. कोणत्या तोंडाने विचारणार.
लग्नात जेवण गेलं नाही.

१७ मे, अमरावती
पंधरा दिवस स्वतःशी वकिली केली. मी साधा चित्रकार, रिपोर्ट होता, वकील होते, जज्ज होते. एकही मुद्दा पटत नाही. ब्रश माझ्या हातात होता.

११ जून
बचावाच्या वकिलांना सगळं सांगितलं. नागपूरला अपील आधीच दाखल आहे. म्हणाले, प्रतिज्ञापत्र द्या, पण नोकरीचं पाहा. सही केली. हेडमास्तरांना अजून सांगितलेलं नाही.

४ जुलै
सुभद्राबाईंच्या घरी गेलो. ओसरीवर डाळ पाखडत होत्या. मी डाग झाकल्याचं सांगितलं. शिव्या देतील वाटलं. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "मास्तर, ते चित्र पाह्यलं अन् मलेही वाटलं, यायनंच मारलं. घरी मले शपथ घेऊन सांगितलं होतं, नाई मारलं म्हून. मी चित्राले खरं मानलं. तवापासून जेलात भेटाले गेली नाई."
चित्राने फसलेले म्हणून ज्युरीतले पाचच मोजत होतो मी.

२९ जुलै
डॉक्टरांना दोन पत्रं धाडली. उत्तर नाही. अपिलाची तारीख नाही. हेडमास्तरांना सांगितलं. ते फक्त 'बरं' म्हणाले.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनाला मन नव्हतं.

२२ ऑगस्ट
सुभद्राबाई म्हणाल्या, एकटीनं जाववत नाई, तुमी चला. जेलमध्ये जाळीपलीकडे तुळशीराम. वाळलाय. मला ओळखलं नाही, बाईंच्या माहेरचा कोणी समजला असावा, रामराम केला. अपिलाचं विचारलं नाही. बायकोलाच म्हणाला, "इतके महिने काहून नाई आली?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चित्राचं सांगायचं मीच, वाटेत तसं ठरलंही होतं. मी जाळी धरून उभा राहिलो. शिपाई वेळ संपली म्हणाला.
परतताना त्या माझ्या चार पावलं पुढेच चालल्या. पुढची भेट महिन्याने मिळते.