मी खाली बसून ऐकते

चिमणे,

आल्या आल्या ड्रमच्या खोलीत जा. ड्रम विकलेला नाही, खाली नवा चौथरा घालून त्यावर ठेवलाय. तुझे बाबा भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून फुशारले होते, पण खोट भिंतीत नव्हतीच. तुझ्या पायाचा दणका जमिनीतून खाली जातो आणि खालचे आजारी काका अंथरुणात दचकतात. काकू भांडल्या म्हणून त्यांना खवीस म्हणायचं कारण नाही.

आमच्या सोफ्याच्या कारखान्यात फोमचे तुकडे फेकून देतात. ते मी गोण्या भरभरून आणले. त्यावर जुन्या टायरच्या पट्ट्या टाकल्या आणि वर जाड प्लायवूड बसवलं. ते कुठेही भिंतीला टेकू देऊ नकोस, नाहीतर दणका भिंतीतून खाली उतरेल आणि सगळं मुसळ केरात.

आता दणका खाली येणार नाही असं सांगायला गेले, तर काकू म्हणाल्या, "तूच इथे बसून ऐक, मग तोंड वर करून बोल." खरंय त्यांचं. म्हणून मी खाली जाऊन बसतेय, काका झोपतात त्या पलंगाशेजारी.

तू वाजव. मी घरात असले की चोरासारखी वाजवतेस, तसं आज चालणार नाही. पायाचा मोठा ड्रम तर दणकून वाजव. काकांची झोप मोडली, तर मी वर येईन आणि संध्याकाळी बाबांनी बोलावलेलं गिऱ्हाईक ड्रम घेऊन जाईल. काकूंना तसा शब्द दिलाय, मी तो फिरवणार नाही.

मी वर आले नाही, तर वाजवत राहा. गिऱ्हाइकाला आणि तुझ्या बाबांना काय सांगायचं ते माझं मी बघते.

आई