पिंडापुढचा डायनासोर

बाबा, कोंबडीचे पाय माझ्या वाट्याला येत. मांड्या तुम्हाला आणि दादाला, मान आईला, पाय मला. उकळत्या पाण्यात बुडवून ते सोलायचं कामही माझंच. बारावीतला एक रविवार: बोटं भाजत असतात, आणि मोज्यासारखी निघून आलेली ती खवलेदार कातडी मी उजेडात धरून बघते आहे. हुबेहूब मागीलदारच्या सरड्याची. बारावीच्या बाईंनी त्याच आठवड्यात पिसं असलेल्या डायनासोरांबद्दल सांगितलं होतं. दगडात उमटलेली पिसं, दातांचे जबडे, लांब शेपट्या. त्यांच्यातल्याच एका शाखेतून आजचे पक्षी आले. त्या रविवारी पाहुणे जेवत असताना मी म्हणाले, ताटात आहे तो डायनासोर, आणि मला म्हापशाच्या कॉलेजात हेच शिकायचंय. तुम्ही हाड चोखत म्हणालात, "कोंबो कापूक कॉलेज कित्याक गो? कोयतो आसा न्हय घरांत?" पाहुणे हसले. दादा ठसका लागेपर्यंत हसला. पावसाळ्याआधी तुम्ही माझं लग्न लावून टाकलंत.

शिकले ती सासूबाईंच्या हट्टाने. आज वाळपईला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. काय शिकलीस, हे तुम्ही असेपर्यंत एकदाही विचारलं नाहीत.

तुमच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या माडावर तीन-चार बसले होते, मान वाकडी करून बघत होते. दादाने हात जोडून आपल्या बागायतीचं वचन दिलं, "भाट विकचें ना, बाबा." नाही. "आवयक सांबाळटलों." तरी नाही. ऊन चढलं. आमच्यात बायका तिथे जात नाहीत, पण घरी निरोप आला तशी आते स्वतः गेली आणि तिने मलाही बोलावून घेतलं. "तुज्यापाशींच अडलां गो बाय. राग ना म्हण ताका. उपाशी आसा तो." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, ताटावर हसलेले तेच. मी माडाकडे पाहिलं. कावळ्यांचं ते घराणं त्या नदीहून जुनं. कुणाच्या बापाच्या भुकेशी त्याला काय देणंघेणं? हे मला माहीत होतं. तुम्ही मात्र त्याच पाखराच्या भरवशावर मेला होतात. "म्हण गो," आते रडत होती. मी म्हटलं, "तो डायनासोर, आते. ताका म्हजें बोलणें कळचें ना." या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. गवताच्या चोचीने तुम्हाला वाटेला लावलं. मी घरी येऊन पोटभर जेवले.

इतक्या वर्षांत मला त्याचं एकदाही वाईट वाटलेलं नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. कावळा भुकेने येतो, कुणाच्या शब्दाने नाही, हे पक्कं ठाऊक असून त्या दिवशी नदीवर मी दात आवळून एकच मागत होते: मी बोलल्याशिवाय त्याने शिवू नये.