माझ्या नावाचा होकार

गॉलवे, आयर्लंड
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सत्यमचा नमस्कार.

तू बरा असशील. सुरेखावहिनीची कंबर दुखायची राहिली का? दुखणं अंगावर काढू नका म्हणावं. चकलांब्याला आबा आन् माय दोघंच हायत, त्यांच्याकडं फोन करत जा. मी बरा हाय. परीक्षा जवळ आली हाय, अभ्यास चालू हाय. खायचे हाल न्हाईत, ज्वारीची भाकरी तेवढी आठवती.

रविवारपासून तू माझा फोन उचलत न्हाईस. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. फोन कापता येतो, हे वाचावं लागंल. सातवीपर्यंत शिकलास, माझं अक्षर तुला लागतंय. ऊसतोडीच्या तळावर त्या पाचटाच्या कोपीत कुणी नसताना वाच.

शनिवारी कॉर्कला गेलतो, दोन दिवस. स्टँडवरच्या दुकानवाल्या कल्याणरावांचा राजेश्वर तिथं नोकरीला हाय. लई दिवसांपासून ये म्हणत होता. इथला पाऊस म्हणजे नुसता चेंगटपणा हाय बघ. धड पडत न्हाई, धड थांबत न्हाई. आडवा येतो आन् छत्री उलटी करून जातो. बसमध्ये बसलो तर पायमोजे पिळून काढावे लागले. शेजारची म्हातारी हसली. म्हणली, आज तर पाऊस कमीच हाय!

राजेश्वर घ्यायला आलता. समुद्र बघायला जायचं ठरलं होतं, पण पावसानं घरातच कोंडलं. शिवकन्यावहिनींनी धपाटे केलते, दही, शेंगाची चटणी. मी हावरटासारखा खाल्लो. राजेश्वर मात्र गप गप होता. एरवी हा माणूस तोंड मिटत न्हाई. मला वाटलं, कामाचा ताण असंल.

धपाटे लई चांगले झालते. वहिनींनी पीठ गावाकडून आणलंय म्हणं.

बरं, आता सांगतोच. किती फिरवून फिरवून लिहू?

जेवणं झाली आन् शिवकन्यावहिनी मोबाईल घेऊन बसल्या. म्हणल्या, "भावजी, आमच्या सुरजनं नवरदेवाचा कसा कान पिळलाय बघा! चांगला ड्रेस काढला बरं का त्याच्याकडून." सुरज राजेश्वरचा धाकटा भाऊ. ज्याचा मान तो नवरीचा भाऊ हजर नसला की कानपिळीला गावातला कुणीतरी भाऊ म्हणून उभा राहतो, तसा तो उभा होता. मी हसत बघत होतो, दादा. कान कुणाचा, तर तुझ्या मेव्हण्याचा, बंकटचा. मी म्हणलो बी, "आरं, बंकटचं लगीन झालं? मला कुणी सांगितलं बी न्हाई." आन् मोबाईल जरा बाजूला सरकला. मुंडावळ्या बांधून आपली धाकटी बहीण उभी होती, मनी.

शिवकन्यावहिनी माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्या सासरी दोनदाच आलेल्या, त्यांना काय माहीत नवरी कुणाची कोण ते.

मी राजेश्वरला म्हणलो, "तुला माहीत होतं?" तो म्हणला, "बे, म्हणजे काय? तुझ्या होकारानंच झालं ना लगीन? तुझ्या दादानं, भागवतनं, तर आख्ख्या गावात सांगितलंय, सत्यमनं हो म्हणलंय म्हणून. खरं सांगू का, मला लई राग आलता तुझा. म्हणलं, हा इकडं शिकायला बसला आन् बारावीतल्या बहिणीला उसाच्या फडात धाडली. विषयच काढायचा न्हाई ठरवलं होतं." मी त्याला म्हणलो, मला कुणी विचारलंच न्हाई. त्याला ते पटायला बराच वेळ लागला. मला बी लागला.

दादा, कावून रे? कावून केलंस असं?

तुझं कारण मला कळतंय. मी काय आभाळातून पडलो न्हाई. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, नवरा-बायको मिळून एक. जोडी असल्याशिवाय मुकादम टोळीत घेत न्हाई. बंकटची जोडी जुळंना, वहिनी रडली असंल, आन् मनी घरात आयती होती. टोळी निघायच्या आधी उरकायचं म्हणून तुळशीचं लगीन लागायची बी वाट बघितली न्हाईस. तुळस राहिली बाजूला, आधी पोरगी उजवली. अठरा सुदिक पुरी न्हाई ती अजून.

आन् माय! दिवाळीपासून दर रविवारी विचारतोय, मनी कुठाय? एकदा झोपली, एकदा शेजारी गेली, एकदा डोकं दुखतंय. मी म्हणायचो, अभ्यास करती, उठवू नको. मायला खोटं बोलता येत न्हाई, तरी तुमी तिला शिकवलंत.

मी निघालो तेव्हा गेवराईच्या स्टँडवर तूच म्हणला होतास, "मनीला बारावी करतो, नर्सिंगला घालतो, तू बिनघोर जा." मी तर मागितलं बी नव्हतं. तू आपणहून बोललास. माझ्यासाठी तू शाळा सोडलीस, कोयता धरलास, हे मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. म्हणूनच तुझा शब्द म्हणजे माझ्यासाठी दगडावरची रेघ होती. केसानं गळा कापलास, दादा. परका असता तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. तुला शिवी बी देता येईना.

तू नुसतं लगीन लावलं असतंस तर मी भांडलो असतो, चार महिने बोललो नसतो, तेवढंच. पण तू माझं नाव कावून वापरलंस? तुझ्या एकट्याच्या शब्दानं ती तयार झाली नसती, हे तुला माहीत होतं. आडून बसली असती ती.

काल बंकटच्या फोनवर लावला. त्यानं मुकाट्यानं मनीला दिला. त्याच्यावर माझा राग न्हाई, त्याला बी कुणी विचारलं नसंल. मनी म्हणली, हाताला फोड आलेत, पण जमतंय. मोळी डोक्यावर घेतली की मान दुखती, पण जमतंय. सगळ्यालाच जमतंय म्हणत होती. मग म्हणली, "भैय्या, मायनं विचारलं होतं मला, तुझ्या मनात काय हाय. मी म्हणले, भैय्या हो म्हणतो तर मी काय बोलू? त्याला सगळं कळतं." फोन ठेवायच्या आधी म्हणली, "मी तुला काय त्रास दिलता का रे?"

तोंडावर आलतं, मी हो म्हणलोच न्हाई म्हणून. न्हाई बोललो. तिथं त्या तळावर तिला तुझ्याशिवाय रक्ताचं कुणी न्हाई. तू खोटं बोललास हे मी इथून सांगितलं असतं, तर ती रात्री कुणाच्या भरवशावर झोपली असती? म्हणून मी गप बसलो आन् तिच्या नजरेत मीच गुन्हेगार राहिलो. अभ्यास होईना. पण तुझं पाप मी जन्मभर माझ्या डोक्यावर वागवणार न्हाई.

आता नीट वाच. मनीच्या कॉलेजात फोन केलाय मी. बाई म्हणल्या, फॉर्म भरलेला हाय, परीक्षेला पोरगी तेवढी हजर करा. तिला घेऊन चकलांब्याला जा, मायजवळ सोड. बंकटला मुकादमानं काढलं तर काढू दे. आन् निघायच्या आधी तिला समोर बसवून तुझ्या तोंडानं सांग, सत्यमला आमी विचारलं नव्हतं. वहिनीकडून न्हाई, मायकडून न्हाई. तू सांग.

येत्या रविवारी मी मायच्या फोनवर लावीन. मनी तिथं बोलली न्हाई, तर बालविवाहाची तक्रार करीन. तू, आबा, कान पिळणारा सुरज, सगळ्यांच्या दारात पोलीस येतील. मायच्या शापाला बी मी तयार हाय. मला धमकी द्यायची हौस न्हाई, दादा. पण मी करणार.

आबांना नमस्कार. मायला काय लिहू, सुचत न्हाई.

तुझा धाकटा भाऊ म्हणून सही करायला बसलो होतो, ते आज जमत न्हाई.

मनीचा भाऊ,
सत्यम